बंद करून दाखवा

बँकांच्या ऑनलाइन सेवांची तुलना करणारे तक्ते सतत कुठे ना कुठे छापून येतात. खातं किती मिनिटांत उघडतं, बचतीवर व्याज किती, ॲपला तारे किती, कार्डावर सिनेमाच्या तिकिटात सूट किती. या रकान्यांत आज जवळपास प्रत्येक मोठी बँक पास होते, कारण इथे बँकेला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं. जिथे बँकेला काही हवं असतं तिथलं बटण मोठं असतं, रंगीत असतं आणि पहिल्याच पानावर असतं.

मला दुसरे रकाने हवेत. मुदत ठेव ॲपवरून मोडता येते का? दरमहा कापला जाणारा हप्ता ॲपवरून थांबवता येतो का? पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर तक्रारीचं बटण त्या व्यवहाराशेजारीच आहे का? रात्री अकराला घोटाळा लक्षात आला तर खात्यातून पैसे जाणं तिथल्या तिथे थांबवता येतं का? आणि बँकच नकोशी झाली तर खातं बंद करता येतं का? गाडी घेताना आपण ब्रेक दाबून बघतो. बँक घेताना मात्र नुसत्या वेगावर भुलतो.

उघडण्याच्या बाबतीत आपल्या बँकांनी खरोखर मोठी मजल मारली. डीबीएसचं डिजिबँक एप्रिल २०१६ मध्ये भारतात आलं, कोटकचं ८११ मार्च २०१७ मध्ये, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टेट बँकेचं योनो. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं व्हिडिओ कॉलवरून केवायसी करायला परवानगी दिली आणि शाखेची पायरी न चढता पूर्ण खातं उघडणं शक्य झालं. गावाहून पुण्यात शिकायला आलेल्या मुलीला हॉस्टेलच्या खोलीत बसून खातं उघडता येतं, ही सोय लहान नाही.

आता तेच खातं बंद करायला निघा. अनेक ॲपमध्ये ते बटणच सापडत नाही. फार तर एक पीडीएफ अर्ज डाउनलोड होतो. तो छापायचा, सही करायची, उरलेलं चेकबुक आणि कार्ड जोडायचं आणि होम ब्रँच गाठायची. ज्या खात्याला जन्मताना शाखा लागली नाही, त्याला संपताना होम ब्रँच लागते. ती होम ब्रँच कुठली, हे अशा खातेदाराला बऱ्याचदा त्याच दिवशी कळतं.

मग लोक खातं बंद करतच नाहीत. हजार-दोन हजार रुपये ठेवून विसरतात. किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापला जातो. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षं कुणी हक्क सांगितला नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. नोकरी बदलली की पगाराचं खातं बदलणाऱ्या पिढीनं अशी किती खाती मागे सोडली असतील, ते ज्याचं त्यानं घरी बसून मोजावं.

किमान शिल्लकेच्या दंडाचा रकाना तुलनेत सगळ्यात वर हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेनं महानगरांतल्या नव्या बचत खात्यांसाठी महिन्याची सरासरी शिल्लक ५० हजारांवर नेली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती १५ हजारांवर आणली. स्टेट बँकेनं हा दंड मार्च २०२० मध्येच काढून टाकला होता. २०२५ च्या मध्याला कॅनरा, पंजाब नॅशनल आणि बँक ऑफ बडोदा यांनीही साध्या बचत खात्यांवरचा दंड काढला. ॲप देखणं असणं आणि खिसा न कापणं हे दोन वेगळे गुण आहेत, आणि घर चालवणाऱ्याला दुसरा आधी लागतो.

एफडीकडे येऊ. निवृत्त माणसाच्या घरात याहून मोठा विषय नाही.

रविवारी पहाटे तीन वाजताही एफडी करता येते. रक्कम, मुदत, ओके. त्याच पानावर एक चौकोन बऱ्याचदा आधीच टिक केलेला असतो: मुदत संपल्यावर मुद्दल आणि व्याज पुन्हा गुंतवा. घाईत तो कुणी वाचत नाही. मुदत संपते, ठेव त्या दिवशीच्या दरानं पुन्हा तेवढ्याच मुदतीला लागते आणि मुलीच्या फीसाठी बाजूला काढलेले पैसे पुन्हा अडकतात. ही सूचना मधेच बदलता येते का, हे आपल्या ॲपमध्ये आजच बघून घ्या. काही ठिकाणी ती लगेच बदलते. काही ठिकाणी नुसती दिसते, हात लावू देत नाही.

मोडायचं पान त्याहून बोलकं. एकाच नावाची, ऑनलाइन केलेली ठेव बहुतेक मोठ्या बँकांत ऑनलाइन मोडता येते. पण शाखेत जाऊन केलेली पावतीवाली ठेव? नवरा-बायकोच्या दोघांच्या नावावरची ठेव? तिथे अनेक ॲप हात वर करतात. आपल्याकडे जुन्या ठेवी सर्रास दोन नावांवर असतात, कारण शाखेतल्या साहेबांनीच तसं सुचवलेलं असतं, आणि त्यांचा सल्ला बरोबरच होता. म्हणजे गुडघेदुखीमुळे ज्यांना जिना चढवत नाही, नेमक्या त्यांच्याच ठेवीला जिना चढावा लागतो. हे बदलायला तंत्रज्ञान अपुरं पडत नाही. दोन खातेदारांच्या दोन फोनवर दोन ओटीपी पाठवा आणि दोघांची संमती घ्या. ज्या बँका लाखोंचं कर्ज ॲपवर मंजूर करू शकतात, त्यांना हे जमत नाही असं मला कुणी सांगू नये.

आणि मोडण्याआधी दंडाचा आकडा रुपयांत दिसतो का? की ‘लागू असलेल्या नियमांनुसार’ एवढ्यावर भागवलं जातं? जी बँक ओके दाबण्याआधी हातात नेमके किती रुपये येतील ते सांगते, तिला माझे गुण जास्त, मग तिचं व्याज पाव टक्का कमी का असेना.

इथे एक खरा आक्षेप आहे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या फसवणुकीत ज्येष्ठांना व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवतात आणि त्यांच्याच हातून ठेवी मोडून घेतात. ठेव मोडणं जितकं सोपं, तितकं भामट्याचंही काम सोपं. काही बँकांनी यावर ठेवीला कुलूप लावायची सोय काढली आहे. ग्राहकानंच सांगून ठेवायचं, माझी ही ठेव ऑनलाइन मोडू देऊ नका, लागलीच तर मी शाखेत येईन. मला हे मनापासून पटतं. कुलूप लावायचं की नाही ते खातेदारानं ठरवलेलं असतं. बँकेनं स्वतःच्या सोयीसाठी सरसकट ठोकलेलं कुलूप आणि आईनं मुलाशी बोलून स्वतः लावलेलं कुलूप, यांत फरक आहे. म्हणून तुमच्या बँकेत विचारा: ठेव ऑनलाइन मोडता येते का, आणि मला नको असेल तर ते बंद करता येतं का? दोन्हींना हो म्हणणारी बँक ज्येष्ठांसाठी चांगली.

जाता जाता, व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा अर्ज, ज्याला सगळे १५एच म्हणत आले. तो घरून भरू देणाऱ्या बँका आणि एप्रिलच्या उन्हात सत्तरीच्या लोकांना त्यासाठी रांगेत उभं करणाऱ्या बँका, यांची तुलना कुठल्याही तक्त्यात मला दिसलेली नाही.

हप्त्यांचं बघा. जिमचे पैसे, विम्याचा प्रीमियम, एसआयपी, मुलाच्या कोचिंगचं शुल्क. संमती देताना एक ओटीपी पुरतो. कार्ड आणि यूपीआयवरच्या अशा वसुलीला रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२१ पासून शिस्त लावली. चोवीस तास आधी कळवायचं आणि ग्राहकाला केव्हाही रद्द करू द्यायचं. यूपीआयमध्ये ती यादी ॲपमध्येच दिसते आणि तिथल्या तिथे रद्दही होते. पण थेट खात्यातून जाणाऱ्या ई-नॅचच्या संमत्या? कुठे त्या नेट बँकिंगच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर असतात, कुठे दिसतात पण रद्द होत नाहीत, कुठे दिसतच नाहीत. माझ्या खात्यातून दर महिन्याला कोण कोण पैसे काढू शकतं याची यादी मला पहिल्या पानावर हवी. तिथे सध्या पूर्वमंजूर कर्जाची पाटी लावलेली असते.

आता अडकलेले पैसे.

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं फसलेल्या व्यवहारांची मुदत ठरवून दिली. एखाद्याला यूपीआय किंवा आयएमपीएसनं पैसे पाठवले, तुमचे कापले गेले, समोरच्याला पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून पैसे गेले, तर पाच दिवसांत. उशीर झाला की रोज १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकानं मागायची वाट न बघता बँकेनं आपणहून जमा करायची. हा नियम खातेदारांना सांगण्यासाठी एखाद्या ॲपनं कधी बॅनर लावलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. ज्या ॲपमध्ये प्रत्येक व्यवहारासमोर ‘तक्रार करा’ दिसतं आणि दाबल्यावर तक्रार क्रमांक मिळतो, ते ॲप घ्या. जे तुम्हाला गोड बोलणाऱ्या चॅटबॉटकडे पाठवतं आणि तो तुमची शिल्लक सांगून निरोप घेतो, ते सोडा.

घोटाळ्याच्या बाबतीत तर वेळ हीच सगळी लढाई. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली. बँकेची चूक असेल तर ग्राहकाला तोटा नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच काहीतरी फुटलंय, अशा वेळी संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तरीही तोटा शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांचा भार. त्यानंतर बँकेच्या धोरणानुसार. ओटीपी स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझं त्या परिपत्रकानं बँकेवर टाकलं. हे शेवटचं वाक्य प्रत्येक खातेदारानं पाठ करावं, कारण काउंटरवर ते उलटं करून ऐकवलं जातं: ‘तुम्हीच काहीतरी केलं असेल.’

म्हणजे रात्री अकराला कळवायची सोय असणं ही चैन नव्हे. बँकेवर आणि तुमच्यावर पडणारं नुकसान त्या घड्याळावर मोजलं जातं. स्टेट बँकेच्या नेट बँकिंगमध्ये लॉगिनच्या पानावरच युजर लॉक करायची सोय आहे. आत न शिरता बाहेरूनच दार बंद करता येतं. ही सोय प्रत्येक बँकेच्या पहिल्या पानावर असायला हवी. कार्ड चालू-बंद करण्याची सोय २०२० पासून नियमानंच द्यावी लागते, तरी परदेशी व्यवहाराचा खटका शोधायला काही ॲपमध्ये चार पानं उलटावी लागतात. बँकेकडे तक्रार आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन, दोन्ही लगोलग करायचं; कुणी ‘सोमवारी या’ म्हटलं तरी थांबायचं नाही.

तारे पाहून बँक निवडणाऱ्यांसाठी तीन तारखा. २ डिसेंबर २०२०: वारंवार सेवा बंद पडल्यामुळे रिझर्व्ह बँकेनं एचडीएफसी बँकेला नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवायला सांगितलं. त्याच्या काही दिवस आधी तिच्या मुख्य डेटा सेंटरची वीज गेली होती. सगळे निर्बंध उठायला मार्च २०२२ उजाडला. १० ऑक्टोबर २०२३: बँक ऑफ बडोदाच्या बॉब वर्ल्ड ॲपवर नवे ग्राहक घेण्यास बंदी. नोंदण्यांचा आकडा फुगवण्यासाठी लोकांच्या खात्यांना भलतेच मोबाइल नंबर जोडल्याच्या बातम्या आधी येऊन गेल्या होत्या. बंदी उठली मे २०२४ मध्ये. २४ एप्रिल २०२४: कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन मार्गानं नवे ग्राहक घेऊ नका, नवी क्रेडिट कार्डं देऊ नका, असा आदेश. सलग दोन वर्षांच्या तपासणीत तंत्रव्यवस्थेतल्या गंभीर त्रुटी आढळल्या आणि त्या वेळेत दुरुस्त झाल्या नाहीत. तो उठला फेब्रुवारी २०२५ मध्ये.

या तिन्ही बँका ऑनलाइन सेवेचा डंका पिटणाऱ्यांतल्या. ॲपचे तारे देणाऱ्याला पडद्यामागचा सर्व्हर दिसत नाही. तो तपासणाऱ्यानं तपासला आणि थांबा म्हणून सांगितलं, हे चांगलं झालं. पण ग्राहकाला बँकेची खरी स्थिती बंदीच्या बातमीतूनच कळावी, हे मला पटत नाही. कुठलं ॲप महिन्यात किती तास बंद होतं, किती टक्के व्यवहार फसले, हे प्रत्येक बँकेनं आपल्या संकेतस्थळावर पहिल्या पानावर लावावं. यूपीआयपुरते फसलेल्या व्यवहारांचे बँकवार आकडे एनपीसीआय प्रसिद्ध करतं. मग नेट बँकिंगचे का नाहीत?

एका बँकेची किती ॲप असावीत, हाही प्रश्न आहे. स्टेट बँकेनं योनो आणलं तरी योनो लाइट, भीम एसबीआय पे, क्विक, सिक्युअर ओटीपी अशी भावंडं शेजारी राहिलीच. वयस्कर माणसाला यांतलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे कसं कळावं? ‘तुमचं योनो आज बंद होईल, पॅन अपडेट करा’ या खोट्या संदेशाला इतके लोक बळी पडले, त्याचं एक कारण हा गोंधळ. यावर एक उपाय झाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायचं होतं, आणि हा पत्ता बँकांखेरीज कुणाला मिळत नाही. घरातल्या मोठ्यांना एवढं शिकवा: पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ नसेल तर पासवर्ड टाकायचा नाही.

सहकारी बँकांना वगळून महाराष्ट्रात ही तुलना अपुरी आहे. देशातल्या नागरी सहकारी बँकांपैकी सर्वाधिक आपल्याकडे. सारस्वत, कॉसमॉस, एसव्हीसी यांची ॲप मोठ्या बँकांच्या पंगतीत बसतात. पण तालुक्याच्या गावातल्या बँकेत अनेकदा शिल्लक नुसती बघता येते, पैसे पाठवता येत नाहीत. कारण नेट बँकिंगवरून व्यवहार करू द्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते आणि तिच्या अटी सगळ्यांना झेपत नाहीत. शिवाय लहान बँकेची यंत्रणा बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार एकाच दिवशी देशाच्या पेमेंट जाळ्यातून तोडावे लागले. खातेदारानं त्या कंपनीचं नावही कधी ऐकलेलं नव्हतं. मोठी बँकही निर्धास्त नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन टप्प्यांत सुमारे ९४ कोटी रुपये चोरांनी काढून नेले.

आणि ॲप नीट चालतंय म्हणजे बँक नीट चालली आहे, असंही नाही. २३ सप्टेंबर २०१९ च्या आदेशानं सुरुवातीला पीएमसी बँकेच्या खातेदारांना हजार रुपयांपलीकडे हात लावता येईना. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला एक रुपयाही काढता येत नव्हता. ठेव विमा पाच लाखांपर्यंत आहे. त्याच्या वरची रक्कम एकाच सहकारी बँकेत ठेवणाऱ्यानं व्याजदराआधी ताळेबंद वाचायला शिकावं. तरीही मी सहकारी बँकेचं खातं बंद करा असं सांगणार नाही. व्यवहार अडकला की तिथल्या अधिकाऱ्याला फोन लागतो, तो नावानं ओळखतो, आणि संध्याकाळपर्यंत काम होतं. बड्या बँकांच्या चॅटबॉटनं आधी एवढं करून दाखवावं.

भाषेचं थोडक्यात. ॲपमध्ये मराठी निवडता येते, असं अनेक बँका सांगतात. पहिलं पान मराठीत उघडतंही. पण व्यवहार फसल्यावर येणारा संदेश, तक्रारीचे पर्याय आणि कर्जाच्या अटी बऱ्याचदा इंग्रजीतच असतात. म्हणजे गरज पडते त्या क्षणी मराठी संपते. अंध आणि अल्पदृष्टी ग्राहकांचं तर त्याहून वाईट. फोननं वाचून दाखवता येत नाहीत अशी बटणं, चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा, आणि हे सगळं उरकायच्या आत ‘सत्र संपले’ म्हणून बाहेर हाकलणं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीची प्रक्रिया अंध व ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांना करता येईल अशी बदलायला सांगितली. डोळे मिचकावून दाखवा म्हणणारी यंत्रणा चेहरा भाजलेल्या बाईला बँकेच्या दारातच अडवते. तुलनेच्या तक्त्यात हा रकाना घातला तर बरीच चमकदार ॲप खाली घसरतील.

परदेशातल्या मराठी मुलांचा एकच प्रश्न: ओटीपी कुठे येतो? म्युनिकच्या नंबरवर किंवा ईमेलवर ओटीपी देणारी बँक घ्या. जी देत नाही तिच्यासाठी वर्षानुवर्षं भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवावं लागतं, आणि ते बंद पडलं की स्वतःच्याच खात्याबाहेर उभं राहावं लागतं.

शुल्काचंही थोडं. बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटीवर जानेवारी २०२० पासून शुल्क घेता येत नाही, आणि १६ डिसेंबर २०१९ पासून ती चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला. आयएमपीएसवर मात्र बँकेगणिक वेगळं शुल्क लागतं, आणि अनेक ॲप तोच पर्याय आधी पुढे करतात. अर्धा तास थांबण्यासारखं असेल तर एनईएफटी निवडा. आणि पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचं नाव दिसतं का ते बघा. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत, तीही फुकट, द्यायला सांगितलेली आहे.

सगळ्यात अवघड बंद करणं उरलंच आहे. खातेदार गेल्यानंतरचं.

वडिलांची चार ॲप, चार पासवर्ड, कागदावर पावती एकही नाही. पूर्वी कपाटातल्या पासबुकांवरून घरच्यांना किमान कळायचं की पैसे कुठे आहेत. आता फोन लॉक झाला की सगळंच लॉक. म्हणून वारसदाराचं नाव ॲपवरून घालता आणि बदलता येतं का, प्रत्येक ठेवीसमोर ते दिसतं का, हे तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी नेमता येतात. ॲप चौघांची नावं घेतं की अजून एकावरच अडलंय, तेही बघा. विस्मरणात गेलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ पोर्टल सुरू केलं. आई-वडिलांचं, आजोबांचं नाव टाकून एकदा शोधा.

सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं मृत खातेदारांच्या दाव्यांचे नियम सगळ्या बँकांसाठी एकसारखे केले, आणि ते अमलात आणायला बँकांना ३१ मार्च २०२६ ची मुदत दिली. कागदपत्रं पूर्ण मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा, उशीर बँकेमुळे झाला तर वारसांना भरपाई द्यायची. नॉमिनी नसला तरी १५ लाखांपर्यंत, आणि सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंत, वारसांना सोप्या पद्धतीनं पैसे मिळायला हवेत. कोर्टाच्या दाखल्यासाठी त्यांना पळवायचं नाही. दाव्याचे अर्ज आणि कागदपत्रांची यादी संकेतस्थळावर ठेवायची. तुमच्या बँकेच्या संकेतस्थळावर हा अर्ज किती टिचक्यांत सापडतो ते आज बघून ठेवा, आणि सापडला नाही तर बँकेला लेखी विचारा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. चौकशीसाठी क्रमांक १४४४८.